बिनतोंडाच्या बाईंचा आकडा

त्या शाळेचा थाट असा, की फाटकातून आत जाताना मांजरसुद्धा पाय पुसून जायचं. आणि शाळेची अक्कल अशी, की ज्या पोराला अजून डावा बूट कुठला नि उजवा कुठला तेही कळत नाही, त्याला एका खोलीत जरा वेळ बसवायचं आणि तो मोठा होऊन शाळेच्या शेवटच्या परीक्षेत किती टक्के मिळवणार ते सांगून मोकळं व्हायचं. तेही 'बरे मिळतील हो' असं मोघम नाही. चांगलं पॉइंटसकट.

हे आकडे काढायच्या तज्ज्ञबाई. वस्ती त्यांना भाकीतबाई म्हणायची, आणि टवाळीने नाही बरं का, अगदी भक्तिभावाने. बाईंकडे एक पेटी होती. पेटीत लाकडी ठोकळे, ओवायचे मणी, चित्रांचे पुठ्ठे, एक टिकटिकणारं घड्याळ आणि पोरांचे आवाज टिपणारा रेकॉर्डर. एवढ्या सामानावर बाईंनी अख्ख्या वस्तीची अक्कल गहाण टाकून घेतली होती.

लोकांना तर त्या आकड्यांचं असं खूळ लागलं, की पोरांची नावंच मागे पडली. "आमचा एक्क्याऐंशी काल पायरीवरून पडला हो." "अहो, तुमच्या पंचाहत्तरचं नाक पुसा आधी." इलेक्ट्रिशियनच्या पोराला अडतीस मिळाले, तर बाप त्याला हाक मारायचा, "ए अडतीस, चल जेवायला." पोरगं बिचारं ओ द्यायचं.

ज्यांचा आकडा पन्नासच्या खाली, त्यांच्यासाठी शाळेने गच्चीवर, पाण्याच्या टाकीला लागून एक खोली काढली होती. तिचं नाव हळू वर्ग. तिथे पोरांना दोन-दोन वर्षं अक्षर दाखवायचे नाहीत. का? तर त्यांना पेलणार नाही. मणी ओवा, मणी सोडा, पुन्हा ओवा. मग खालची पोरं घडाघडा वाचायला लागली आणि वरची मणीच ओवत राहिली, की भाकीतबाई मान हलवून म्हणायच्या, "बघा. मी म्हटलं नव्हतं?" आणि मुख्याध्यापक म्हणायचे, "होय बाई." त्यांना दुसरं काही म्हणताच यायचं नाही. पोरांनीच त्यांचं नाव होयबा ठेवलं होतं. शाळेत अचूक निदान झालेली तेवढीच एक गोष्ट.

तर अशा शाळेत आत्याला दोन पोरं घालायची होती.

आत्याची लाँड्री होती, शाळेपासून दोन वळणं सोडून. मागे धुण्याची मशीन, पुढे इस्त्रीचं लांबलचक टेबल, आणि त्याच्याखाली चादरींच्या गाठोड्यांमध्ये दोन पोरांचा संसार. एक आत्याचा स्वतःचा मुलगा, भोंगा. तो जन्मला तेव्हा म्हणे असा रडला की शेजारच्या दवाखान्यातला बेशुद्ध पेशंट उठून घरी गेला. त्यानंतरही आवाज काही खाली आला नव्हता. सकाळी भोंग्याने "आई, भूक!" म्हटलं की अर्धी वस्ती घड्याळं लावायची.

दुसरी मुंगी, आत्याच्या भावाची मुलगी. भोंग्याहून महिनाभराने धाकटी. भाऊ मालवाहू जहाजावर, सहा-सहा महिने तोंड दिसायचं नाही. वहिनी लाँड्रीच्या काउंटरवर बसायची. मुंगी परक्या माणसासमोर एक अक्षर बोलायची नाही. तोंड असं मिटायची की चिमट्याने उघडणार नाही. पण टेबलाखाली मात्र भोंग्याच्या कानात तासन्‌तास गोष्टी सांगायची. इस्त्री गरम का होते, तर तिच्या पोटात एक चिडका म्हातारा राहतो. गिऱ्हाइकांचे कोट रात्री एकमेकांचे हात धरून फिरायला जातात, म्हणून त्यांना सुरकुत्या पडतात. भोंगा, जो आईचंही धड ऐकायचा नाही, तो गप बसून ऐकायचा.

ही पोरगी हुशार होती का? कोण जाणे! चार वर्षांच्या पोरीबद्दल ते ठरवून टाकायची घाई त्या टेबलाखाली कोणालाच नव्हती.

वहिनीला होती. "ताई, ही आत जाऊन बोललीच नाही तर?" ती रोज विचारायची. "सरळ टाकीजवळ पाठवतील हो तिला. वर गेलेलं पोर खाली आलेलं पाहिलंय का तुम्ही कधी?"

आत्याने पाहिलं नव्हतं. म्हणून ती नुसतं "बघू गं" म्हणायची आणि इस्त्री जोरात दाबायची.

चाचणीच्या दिवशी शाळेच्या कॉरिडॉरमध्ये आईबाप असे बसले होते, जसं काही आत पोरांचं ऑपरेशन चाललंय. शिपायाने येणाऱ्या प्रत्येक पोराच्या छातीवर नंबराचा बिल्ला टोचला. पोराला नावाने हाक मारायची नाही, असा भाकीतबाईंचा नियम. आणि त्याहून मोठा नियम म्हणजे पोराचं तोंड बघायचं नाही. गोड चेहरा दिसला की तज्ज्ञ माणसाचा हात ढिला पडतो, म्हणून बाई टेबलावर उभा पुठ्ठा लावून पलीकडे बसायच्या. पुठ्ठ्याला खाली फट. फटीतून पोराचे हात दिसायचे, आवाज यायचा, बास. बाकीचं पोर बाईंना नको होतं.

भोंग्याचा नंबर आधी लागला. उड्या मारत आत गेला आणि उड्या मारत बाहेर आला.

"आत काय होतं रे?" आत्याने विचारलं.

"ठोकळे! मणी! आणि एक बाई, तिला तोंडच नाहीये! नुसते हात!" भोंगा म्हणाला. म्हणाला कसला, सगळ्या कॉरिडॉरला ऐकवलं त्याने.

मुंगीचे डोळे बशीएवढे झाले. आधीच अनोळखी माणसाची भीती, त्यात ही बिनतोंडाची. तेवढ्यात शिपायाने तिचा नंबर पुकारला. मुंगीने आत्याच्या कमरेला अशी मिठी मारली, की दोघींना मिळूनच आत न्यावं लागलं असतं. वहिनी तिच्यासाठी पाणी आणायला नळावर गेलेली. शिपाई दार धरून उभा.

आता आत्याचा हात. जन्मभर कपड्यांना नंबराच्या चिठ्ठ्या टोचण्यात गेलेला. या कॉलरची चिठ्ठी त्या कॉलरला जायला कितीसा वेळ लागतो! डोळ्याचं पातं लवायच्या आत मुंगीचा बिल्ला भोंग्याच्या छातीवर होता. आत्या त्याच्या कानात म्हणाली, "जा, परत एकदा खेळून ये."

शिपायाने भोंग्याकडे पाहिलं. बिल्ल्याकडे पाहिलं. मग छताकडे पाहिलं.

"काय बघताय?" आत्याने दबक्या आवाजात विचारलं.

"मी? मी काही नाही बघितलं," शिपाई म्हणाला. "इथे बघायची पद्धतच नाही, ताई."

निकालाच्या दिवशी होयबांच्या केबिनमध्ये दोघींना बसवलं. खुर्च्या अशा खोल, की माणूस बसलं की आपोआप लाचार दिसावं. भाकीतबाई उभ्या. हातात छडी, भिंतीवर तक्ता.

"मुलगा, एक्क्याण्णव पॉइंट सहा," बाई म्हणाल्या. "मुलगी, त्रेचाळीस पॉइंट दोन."

वहिनीच्या हातातली पर्स खाली पडली. आत्याने मनात पुन्हा मोजलं. दोन्ही वेळा पोरगा तोच, मग हे काय?

"काय चुकलं तिचं?" वहिनीने रडवेल्या आवाजात विचारलं.

"चुकत काही नसतं हो, जे असतं ते दिसतं," बाई म्हणाल्या. "मुलाने ठोकळ्यांचा मनोरा सरळ रचला. मुलीने ठोकळे आडवे मांडून गाईचा गोठा केला. सांगितलं होतं मनोरा. मुलाने मणी ओवले. मुलीने, सांगायला वाईट वाटतं, मणी खिशात टाकले."

आत्याला आठवलं. भोंग्याच्या चड्डीच्या खिशातून धुताना मणी निघाले होते खरे.

"आणि सगळ्यात गंभीर गोष्ट भाषेची. चित्रात काय आहे विचारलं, की मुलगी म्हणते, 'मघाशी सांगितलं ना!' पुन्हा विचारलं, पुन्हा तेच. मघाशी! मघाशी ती खोलीत होती का? नव्हती. न घडलेल्या गोष्टी घडल्यासारख्या वाटतात तिला. स्मरणशक्तीचा मूळ पायाच कच्चा."

"होय बाई," होयबा हळहळले.

"एकच घर, एकच जेवण, एकच वय," बाईंचा आवाज चढला. आनंदाने. "तरी मुलाच्या हाताची पकड बघा, आवाजातला आत्मविश्वास बघा. मुलीचा आवाज कसा कंटाळलेला, मंद. हा फरक जन्मजात असतो. अशी जोडी मी कधीची शोधत होते. शनिवारी पालकसभेत मी हेच उदाहरण घेणार आहे."

आता आत्या अडकली. खरं सांगावं, तर लबाडी केली म्हणून दोन्ही पोरं फाटकाबाहेर. न सांगावं, तर मुंगी टाकीजवळ. आपल्याच हाताने टोचलेला बिल्ला, आणि आता तो निघता निघेना.

घरी आल्यावर वहिनीने पोरीशी मोठ्याने आणि सावकाश बोलायला सुरुवात केली. "मुंगी. हा. चमचा. आहे." पोरगी आईकडे बघतच राहायची. आपली आई आजारी पडली की काय, असं तिला वाटत असावं. चित्रांचं पुस्तक वहिनीने वर फळीवर ठेवलं, "तिला ताण नको." एक गिऱ्हाईक म्हणालं, "गोड आहे हो पोर." तर वहिनी काउंटरवरून म्हणाली, "हो, पण त्रेचाळीसच आहे." गिऱ्हाइकाने असा चेहरा केला, जसं काही पोरीला खोकला झालाय.

आणि एक दिवस टेबलाखाली काही आवाजच येईना. आत्या वाकून बघते तर मुंगी गाठोड्याला टेकून गप, आणि भोंगा तिचा हात हलवतोय. "सांग ना पुढचं! म्हाताऱ्याचं काय झालं?"

"मला नाही येत," मुंगी म्हणाली. "माझा पाया कच्चा आहे."

आत्याने इस्त्री बंद केली. होयबांच्या कोटाची एक बाही तशीच चुरगळलेली राहिली, ती राहिलीच. वहिनीला मागच्या खोलीत ओढत नेलं आणि सगळं सांगून टाकलं. बिल्ला, कॉरिडॉर, भोंगा दोनदा.

वहिनी ऐकत होती. ऐकून झाल्यावर म्हणाली, "असेल. पण ताई, आकडा तर मुंगीच्या नावावर आलाय ना?"

"अगं, आत गेलीच नाही ती!"

"कोण का जाईना आत! बाईंनी काढलाय तो. तुम्ही काय तज्ज्ञ आहात?"

आत्या भिंतीला टेकली. मशीनमध्ये कपडे गरगरत होते, त्यांच्याकडे बघून तिला वाटलं, त्यांच्यात तरी जास्त डोकं असेल. सांगून काही उपयोग नव्हता. हे लोकांच्या कानांनीच ऐकायला हवं होतं. आणि कान म्हटल्यावर तिला भोंगा आठवला. मग ती एवढी हसली, की वहिनीला वाटलं हिचाही पाया गेला.

शनिवारी शाळेचा हॉल गच्च भरला. सगळी आत्याचीच गिऱ्हाइकं. कोणाच्या शर्टाला कुठलं बटण कमी, तेही तिला माहीत. ती पहिल्याच रांगेत बसली, एका बाजूला वहिनी, दुसऱ्या बाजूला दोन्ही पोरं. भोंग्याच्या तोंडात तिने ही मोठी चिकट गोळी कोंबली होती. "सभा संपेपर्यंत ही संपवायची नाही. संपवलीस तर दुसरी नाही." त्यामुळे भोंगा आयुष्यात पहिल्यांदा शांत होता, आणि लोक वळून वळून बघत होते की पोराला बरं नाही का.

भाकीतबाईंनी तक्ता लावला. जोडीचं उदाहरण सांगितलं. पकड, पाया, मघाशी, सगळं. लोकांनी हळहळून मुंगीकडे बघितलं. मुंगी आत्याच्या हातामागे लपली.

आत्या उठली. "बाई, एक विचारू? आम्ही अडाणी माणसं. पण तुम्ही तो आवाजातला फरक म्हणालात ना, आत्मविश्वास नि मंदपणा, तो आम्हाला ऐकायला मिळेल का?"

"अवश्य!" बाई खुलल्या. त्यांना कोणी असं विचारलं की त्या दोन इंच उंच व्हायच्या. "प्रत्येक मुलाचं रेकॉर्डिंग आहे माझ्याकडे. आधी मुलगा ऐका."

स्पीकर खरखरला, आणि हॉलभर भोंगा घुमला. "छत्री घेतलेली बाई आहे! तिला कुत्रा चावणार आहे!" खिडकीच्या काचा थरथरल्या. लोक हसले, रोजचाच आवाज.

"एक्क्याण्णव पॉइंट सहा," बाई म्हणाल्या. "आता मुलगी."

स्पीकर पुन्हा खरखरला. आणि हॉलभर पुन्हा भोंगा घुमला. "मघाशी सांगितलं ना! छत्री! कुत्रा! मला भूक लागलीये!"

मग मागच्या रांगेतून बेकरीवाला म्हणाला, "अहो, हा तर भोंगा! याच्या आवाजावर रोज माझी भट्टी पेटते."

"भोंगाच आहे!" "दुसरं कोण असणार?" हॉल असा हसला, की म्हणतात तीन गल्ल्या पलीकडच्या कुत्र्यांनी भुंकायला सुरुवात केली. भोंग्याला आपलं कौतुक चाललंय असं वाटलं. तो खुर्चीवर उभा राहिला.

बाईंनी स्पीकरकडे बघितलं, तक्त्याकडे बघितलं. एकाही पोराकडे बघितलं नाही. सवयच नव्हती.

"हे शक्य नाही," त्या म्हणाल्या. "आवाजात स्पष्ट फरक आहे. एक आत्मविश्वासाचा..."

"दुसरा भुकेचा," आत्या म्हणाली. "मीच पाठवला दोनदा. माझी लबाडी, कबूल. पण बाई, एकच पोरगा, एकच सकाळ. पहिल्यांदा मजा आली तर एक्क्याण्णव, दुसऱ्यांदा कंटाळा आला तर त्रेचाळीस. आणि तुम्ही सांगताय तो मिशा फुटल्यावर काय दिवे लावणार ते?"

बाईंनी जरा विचार केला. आणि मग काय म्हणाल्या असतील? "ठीक आहे. मग त्याची सरासरी घ्यावी लागेल. सदुसष्ट पॉइंट चार."

"होय बाई," होयबा म्हणाले, आणि मग आजूबाजूला बघून त्यांनी ते परत गिळायचा प्रयत्न केला.

आता कोणाला वाटेल, सगळ्यांनी आत्याला खांद्यावर घेतलं असेल. कसलं काय! ब्याण्णवची आई उठली आणि म्हणाली, "तुमच्या पोराचा घोटाळा असेल, आमचा आकडा बरोबर आहे." सत्याऐंशीचा बाप म्हणाला, "होच मुळी." ज्यांचे आकडे चांगले, ते सगळे बाईंच्या बाजूने. आपलं पोर थोर असल्याचा दाखला खोटा म्हणायला काळीज लागतं, आणि ते काही पेटीतल्या ठोकळ्यांनी मोजता येत नाही.

पण इलेक्ट्रिशियन? तो उठला, हॉलबाहेर गेला आणि जिन्याच्या पायऱ्या चढताना ऐकू आला. पालकसभेच्या दिवशीही हळू वर्गाला सुट्टी नसायची. परत आला तेव्हा त्याचा मुलगा त्याच्या हाताला होता, मण्यांची माळ अजून मुठीत. बापाने त्याला हॉलच्या मधोमध उभं केलं आणि होयबांना म्हणाला, "सोमवारपासून हा खाली बसेल. अक्षरं दाखवा त्याला. नाही आली तर मग बघू." पोराच्या खांद्यावर हात ठेवून त्याने त्याला नावाने हाक मारली. पोरगं दचकलं. बऱ्याच दिवसांनी ऐकलं होतं त्याने.

भाकीतबाई सामान आवरायला लागल्या. "या मुलीची चाचणी तर झालेलीच नाही," त्या आत्याला म्हणाल्या. "ती घ्यावी लागेल. तोवर प्रवेश नाही."

वहिनी इतका वेळ बाईंचा तक्ताच बघत होती. आता तिने मुंगीकडे बघितलं, निकालानंतर पहिल्यांदाच नीट बघितलं असेल. मुंगी भोंग्याच्या कानाशी लागून काहीतरी कुजबुजत होती. भोंग्याने गोळी गालात सारली.

"मुंगी विचारतेय," तो गरजला, आणि हॉलमधली सगळी कुजबुज थांबली, "याच का त्या बिनतोंडाच्या बाई? मग आज तोंड कुठून आणलं?"

बाई काय करणार! तोंड होतं, आणि ते लालबुंद झालं होतं. पुठ्ठा नेमका आज घरी राहिला होता. मागे शिपाई दाराला कपाळ टेकवून असा हसत होता की दारच हलत होतं. बाईंनी पेटी उचलली, तिचं झाकण उघडं राहिलं आणि मणी सगळ्या हॉलभर घरंगळले. ते वेचायला कोणी वाकलं नाही. फक्त भोंगा वाकला, आणि खिसे भरले.

होयबांनी घाम पुसला. दोन्ही बाजूंना खूश करायचं, तर त्यांच्याकडे एकच मार्ग होता. "मुलीला तात्पुरतं खालच्या वर्गात बसवू," ते म्हणाले. "चाचणीचं नंतर पाहू." ते 'नंतर' काही आलं नाही. भाकीतबाई मात्र पुढच्या वर्षीही आल्या, नवीन पेटी घेऊन. ब्याण्णवच्या आईचं धाकटं होतं ना रांगेत.

मुंगी शाळेत जायला लागली. बरेच महिने वर्गात तोंड उघडलं नाही तिने. पण टेबलाखालचा म्हातारा पुन्हा चिडायला लागला होता, आणि आत्याला इस्त्री करताना खालून त्याची बातमी मिळायची. अख्ख्या वर्गात ती एकटीच, जिचं पुढे काय होणार ते कोणालाच माहीत नव्हतं. बाकीच्या आयांना तिची फार कीव यायची.

त्यातलीच एक कोट टाकायला लाँड्रीत आली आणि काउंटरवर वाकून हळूच म्हणाली, "तुमच्या मुलीचं शेवटी कळलं का हो? किती आहे ती?"

वहिनीने कोट घेतला, खिसे तपासले आणि कॉलरला चिठ्ठी टोचली.

"साडेचार," ती म्हणाली. "उन्हाळ्यात पाच होईल. गुरुवारी या न्यायला."